जिवाणूंचा हिशेब लिटरात मांडू नका

एका हेक्टरातला वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर त्यात ढोबळमानाने २० लाख किलो माती भरते. चांगल्या, जित्या मातीच्या एका ग्रॅमात निदान १० कोटी जिवाणू नांदत असतात. बहुतेकदा त्याहून कितीतरी जास्त. आता त्या रानात एक लिटर जिवाणू खत ओतले असे समजा. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत पेशी आहेत, हेही डोळे मिटून मान्य करू. म्हणजे लिटरभरात १० हजार कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. पण मातीत आधीपासून असलेल्यांच्या संख्येला या आकड्याने भागले की हवा निघून जाते. जुन्या २० लाख रहिवाशांमागे आपला नवा पाहुणा एक.

शिवाय हे जुने रहिवासी त्या मातीत मुरलेले असतात. कुठल्या कणाखाली ओल टिकते, कुठल्या मुळाजवळ साखर पाझरते, कोण कोणाला खातो, हे सगळे त्यांच्या अंगवळणी पडलेले. आपला पाहुणा मात्र पोलादी टाकीत, नेमक्या तापमानात, आयत्या खुराकावर लाडात वाढलेला. त्याने जाऊन तिथे काही उलथापालथ करावी ही अपेक्षा मुळातच जरा भाबडी आहे.

तरीही मी जिवाणूंच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिवाणू खत चालते की नाही, या प्रश्नावर दोन टोकाचे बोलणारे भरपूर भेटतात. एकाला वाटते, बाटली ओतली की रासायनिक खत बंद. दुसऱ्याला वाटते, हे सगळे पाण्याचे पैसे. दोघेही एकच चूक करतात: जिवाणू संवर्धकाला, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या या बाटलीला, ते ‘खत’ समजतात. नावातच खत असल्याने तसे होणे साहजिक आहे. खत म्हणजे वजन करून घालायची वस्तू, दुप्पट घातली की परिणाम वाढेल अशी, गोदामात वर्षभर पडली तरी चालेल अशी. संवर्धक यांपैकी काहीच नाही. तो बियाण्यासारखा जिवंत आहे, आणि लसीसारखा नेमका आहे. माझे म्हणणे एवढेच की त्याची विक्री, तपासणी आणि सरकारी वाटप बियाण्याच्या आणि लसीच्या नियमाने व्हायला हवे. खताच्या नियमाने ते करत राहिलो तर चांगले जिवाणूही बदनाम होतील.

आधी जे निर्विवाद चालते ते पाहू. १८८६ साली हर्मन हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने वाटाण्याचे कोडे उलगडले. नत्र (नायट्रोजन) नसलेल्या निर्जंतुक वाळूत ओट वाढत नव्हता, वाटाणाही खुरटत होता. पण शेतातल्या मातीचे पाणी थोडे घातले की वाटाणा तरारून यायचा, मुळांवर गाठी धरायचा. तेच पाणी उकळून घातले तर काही नाही. म्हणजे मातीतला कोणी जिवंत जीव हे काम करत होता. दोन वर्षांत, १८८८ मध्ये, डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी तो गाठींतून वेगळा काढला. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो. १८९६ पर्यंत नोबे आणि हिल्टनर या जोडीने ‘नायट्रॅजिन’ नावाचा संवर्धक बाजारातही आणला होता. म्हणजे हे तंत्र काही कालपरवाचे फॅड नव्हे. हवेतल्या नत्रापासून कारखान्यात अमोनिया बनवण्याचा पहिला मोठा कारखाना जर्मनीत सुरू झाला १९१३ मध्ये. बाटली युरियाच्या पोत्यापेक्षा जुनी आहे!

त्या कारखान्याला जे काम करायला चारशे-पाचशे अंश उष्णता आणि दीडशे-दोनशे पट वातावरणाचा दाब लागतो, ते हा जिवाणू मातीच्या थंडाव्यात करतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की पिकाला त्यांचा काही उपयोग नाही. नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) तो बंध तोडते. किंमत जबर असते: नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे १६ रेणू, म्हणजे पेशीचे सोळा चलनी रुपये म्हणा. त्यात हे विकर इतके नाजूक की प्राणवायू लागला की निकामी होते. गाठीच्या आत म्हणूनच आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद शोभेल असे लेगहिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजूनमापून सोडते. गाठ आतून लालसर दिसते ती त्यामुळे.

इथे वनस्पती आणि जिवाणू यांचा चक्क करार असतो. मूळ काही खास रसायने सोडते, ती ओळखून जिवाणू उलट आपला संकेत पाठवतो, तो जुळला तरच मुळावरचा केस वळतो आणि त्याला आत घेतो. संकेत पिकागणिक वेगळा. वाटाण्याचा रायझोबियम सोयाबीनला चालत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला चालत नाही. लस म्हणतो ती याच अर्थाने: गोवराची लस धनुर्वाताला चालत नाही, आणि ‘सर्व पिकांसाठी एकच बाटली’ असे लिहिलेले दिसले की माझा हात मागे येतो.

या कराराचे सर्वांत मोठे यश ब्राझीलमध्ये दिसले. सोयाबीन तिथले मूळ पीक नाही, त्यामुळे तिथल्या मातीत त्याच्याशी जुळणारा जिवाणूही नव्हता. जुन्या रहिवाशांची गर्दीच नाही, तर पाहुण्याला घर मोकळे! योहाना डोबेराइनर या मृदाजीवशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात आग्रह धरला की तिथल्या सोयाबीनचे वाण नत्रखत न देता, जिवाणूंच्या भरवशावरच निवडत न्यावेत. आज जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादकांत गणला जाणारा तो देश हे पीक जवळपास नत्रखताशिवाय घेतो. लक्षात घ्या, हे केवळ बाटलीने झाले नाही. वाण, जिवाणू आणि धोरण तिघेही एका दिशेने चालत होते.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेल्याने तिथल्या मातीत त्याचे रायझोबियम आता घट्ट वस्ती करून आहेत. त्यांतले काही आळशी आहेत, नत्र कमी देतात, पण गाठीत शिरायला मात्र पटाईत. चांगला संवर्धक बियाण्याला चोळला तरी बहुतेक गाठी हे जुनेच बळकावतात. एकच पीक, एकच जातीचा जिवाणू, आणि दोन देशांत दोन निकाल. यातून ‘चालते की नाही’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कुठल्या मातीत, कशासाठी, आणि तिथे आधी कोण आहे, हे विचारायला हवे.

आता कडधान्ये सोडून तृणधान्यांकडे या. इथे गाठी नाहीत, करार नाही. अ‍ॅझोटोबॅक्टर मातीत मोकळा राहून हवेतला नत्र धरतो, हे बायजेरिंक यांनीच १९०१ मध्ये दाखवले आणि ते खरेही आहे. पण त्याला साखर कोण देणार? प्रयोगशाळेत एक ग्रॅम साखर खाऊन तो साधारण १० ते २० मिलिग्रॅम नत्र धरतो. आता हेक्टरी २० किलो नत्र त्याच्याकडून हवे असेल तर हिशेब करा: हजार ते दोन हजार किलो साखर. एवढी साखर मातीत नुसती पडलेली नसते, आणि जी असते तिच्यावर त्या २० लाखांतल्या बाकी सगळ्यांचाही डोळा असतो. म्हणून ‘अ‍ॅझोटोबॅक्टर वापरा, नत्राची अर्धी मात्रा वाचवा’ असे सांगणाऱ्याला मी नम्रपणे विचारतो, साखर कुठे ठेवली आहे? सेंद्रिय कर्ब, म्हणजे जिवाणूंचे अन्न, संपलेल्या मातीत नत्र धरणारा जिवाणू सोडणे म्हणजे रिकाम्या स्वयंपाकघरात आचारी पाठवणे.

याचा अर्थ तृणधान्यांवर जिवाणूंचा काहीच उपयोग होत नाही असे नाही. अ‍ॅझोस्पिरिलमचे उदाहरण घ्या. त्याच्या २० वर्षांच्या शेतचाचण्यांचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण ६० ते ७० टक्के चाचण्यांत उत्पादन वाढले होते, ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. आकडे प्रामाणिक आहेत, म्हणूनच मला आवडतात: दहातल्या तीन-चार वेळा काहीच झाले नाही हेही ते लपवत नाहीत. गंमत अशी की ही वाढ मुख्यतः नत्रामुळे नव्हती. हा जिवाणू मुळाशेजारी राहून ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक सोडतो. त्याने मुळांना फाटे फुटतात, मूळकेस वाढतात, आणि मग तेच मूळ जास्त पाणी, जास्त अन्न शोषते. अन्नद्रव्य जिवाणू आणून देत नाही, ते घेणारे तोंड मोठे करतो. पण हे खरे असेल तर बाटलीवर ‘नत्र स्थिर करणारा’ एवढेच का लिहिलेले असते? कारण खताच्या भाषेत विकायचे तर नत्राचे किलो दाखवावे लागतात. मुळाच्या केसांना त्या तक्त्यात रकाना नाही.

स्फुरदाची (फॉस्फरसची) कथा तर अजून गुंतागुंतीची. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला बहुतेकदा १० ते २५ टक्केच येते. बाकीचे चुनखडीच्या मातीत कॅल्शियमशी आणि आम्ल मातीत लोह-अ‍ॅल्युमिनियमशी बांधले जाते. वर्षानुवर्षे असे साठत जाते. ही बंद तिजोरी उघडणारे जिवाणू शोधायचे, ही कल्पना मोहक आहे आणि चुकीचीही नाही. ते ग्लुकोनिकसारखी आम्ले सोडतात आणि स्फुरद विरघळते. गोची आहे ती निवडीत. पिकोव्हस्काया यांनी १९४८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीची काचेची बशी आजही वापरतात: त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची दुधी जेली, वर जिवाणूचा ठिपका, त्याच्याभोवती स्वच्छ वलय दिसले की जिवाणू पास. पण बशीत त्याला भरपूर ग्लुकोज असते, आणि त्याने सोडलेले आम्ल खोडून काढायला कोणी नसते. चुनखडीच्या मातीत तेच आम्ल कणाशी भिडताच निष्प्रभ होते. शिवाय आम्ल मातीत स्फुरद कॅल्शियमला नव्हे, लोहाला धरून बसलेले असते. बशीतली परीक्षाच मुळी दुसऱ्या विषयाची. बशीत पहिला आलेला शेतात नापास होतो तो यामुळे.

यात आपण पहिले फसलेले नाही. सोव्हिएत संघात १९५०च्या दशकात ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ आणि ‘अ‍ॅझोटोबॅक्टेरिन’ ही जिवाणू खते लाखो हेक्टरांवर पसरवली गेली. हुकूम वरून, उद्दिष्ट हेक्टरात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कृषी विभागाने फॉस्फोबॅक्टेरिन तपासले, खास फायदा दिसला नाही. त्यांचे जाऊ द्या, शीतयुद्धाचे दिवस होते. पण त्याच सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञांनीच आपल्या देशातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा फायदा दिसला तो सगळीकडे नाही, आणि दिसला तिथेही साधारण १० टक्क्यांच्या आसपास. तोसुद्धा बहुधा वाढीच्या संप्रेरकांचा. म्हणजे जिवाणू अगदीच निकामी नव्हते. त्यांच्यावर लादलेला दावा खोटा होता.

मग बाटलीतच काय असते, हा प्रश्न. याबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो. इथिओपिया, केनिया आणि नायजेरिया या देशांत विकली जाणारी ६५ जिवाणू उत्पादने शास्त्रज्ञांनी तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार शुद्ध म्हणता येतील अशी जेमतेम ३७ टक्के होती. बाकीच्यांत नको ते जीव मिसळलेले, काहींत तर लेबलावरचा जिवाणूच नाही. अप्रामाणिकपणा काही ठिकाणी असेलही. पण बऱ्याचदा कारण साधे असते. रायझोबियम बीजाणू, म्हणजे वाईट काळ काढायचे कवचबंद रूप, करत नाही. चाळिशीपुढच्या उष्णतेत, उन्हात, पत्र्याच्या गोदामात तो मरतो. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर चोळला तरी बऱ्याचदा मरतो, सुपरफॉस्फेटसारख्या आम्लधर्मी खतात मिसळला तरी मरतो. कारखान्यातून निघताना मोजलेला आकडा खरा असतो आणि पेरणीच्या दिवशीचा खोटा, आणि मधल्या प्रवासाला कोणीच धनी नसतो. बॅसिलस गटातले जिवाणू जाड कवचाचे बीजाणू करतात, उष्णता सोसतात. बाजारात त्यांची गर्दी दिसते ती त्यामुळे. म्हणजे काय विकायचे हे पिकाची गरज नाही, गोदाम ठरवते आहे.

ऑस्ट्रेलियाने यातून मार्ग काढला, तोही १९५०च्या दशकात. निकृष्ट संवर्धकांमुळे क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या कुरणांत अपयश येऊ लागले तेव्हा त्यांनी स्वतंत्र तपासणी उभी केली. जिवाणूचा मूळ वाण सार्वजनिक प्रयोगशाळेने जपायचा, उत्पादकाला तिथूनच द्यायचा, आणि तयार माल बाहेरच्या माणसाने तपासायचा. कॅनडाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली: बाटलीतला आकडा पाहण्याऐवजी बियावर किती जिवंत जिवाणू पोचले ते मोजायचे ठरवले. बारीक बियाला दर बीमागे हजार, मध्यम बियाला दहा हजार, मोठ्याला एक लाख. लिटराची भाषाच त्यात नाही. आणि सुरुवातीच्या माझ्या भागाकाराचे उत्तरही यात आहे. सबंध रानातल्या जुन्या रहिवाशांशी झुंजायची गरजच नाही. अंकुर फुटताना पहिल्या मुळाशेजारी आपला पाहुणा आधी हजर असला की पुरे. म्हणून बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला जिवाणू चोळणे, जिथे काम करते तिथे उघड्या मातीवर मारलेली फवारणी बहुतेकदा वाया जाते.

अनेक ठिकाणी सरकारी योजना मात्र लिटर आणि पाकिटे वाटते. किती वाटले याचा अहवाल येतो. किती जगले याचा येत नाही. त्याहून मोठी विसंगती अशी की तीच यंत्रणा दुसऱ्या हाताने नत्रखत स्वस्त करते. मातीत नायट्रेट मुबलक असले की कडधान्य गाठी धरायचे टाळते. आयते मिळत असताना सोळा-सोळा एटीपी मोजून नत्र कोण विकत घेईल? एका हाताने रायझोबियम द्यायचे, दुसऱ्या हाताने त्याची गरज संपवायची, आणि मग शेतकऱ्याला फरक दिसला नाही की त्याच्या ‘जागृती’साठी मेळावा घ्यायचा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ‘नुकसान तर काही नाही ना? चालले तर चालले.’ हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. नुकसान होते ते विश्वासाचे. दोन हंगाम मेलेली बाटली ओतलेला शेतकरी तिसऱ्या हंगामात खऱ्या, जिवंत रायझोबियमलाही हात लावत नाही, आणि त्याच्या रानात कदाचित त्याचीच खरी गरज असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तपासणी कडक केली, विक्रीच्या टोकाला नमुने घेतले, तर लहान उत्पादक संपतील आणि बड्या कंपन्यांचे राज्य येईल. ही भीती खोटी नाही. पण मूळ वाण आणि तपासणी सार्वजनिक पैशातून केली तर लहान उत्पादकाचा सर्वांत मोठा खर्च उलट कमी होतो. अनुदान द्यायचेच असेल तर ते बाटलीवर न देता या प्रयोगशाळांवर आणि गारव्याच्या साखळीवर द्यावे. त्याचे फोटो छान येत नाहीत, हे मान्य.

आणि माती? पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो तो स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिनचा असतो. ते कोणी बाटलीतून सोडलेले नसतात. रानात जे आहेत त्यांनाच खायला घातले, म्हणजे काडीकचरा जाळला नाही, शेणखत-कंपोस्ट पडले, फेरपालटात कडधान्य आले, सामू (पीएच) फार आम्ल असेल तर चुना दिला, तर बाटलीशिवायही बरेच काही होते. बाटलीचे काम उरते ते जिथे हवा तो जिवाणू नाहीच, किंवा आहे पण नालायक आहे, तिथे. नव्या रानात नवे कडधान्य घेताना ती जरूर आणावी, त्याच पिकाची, ताजी, सावलीत ठेवलेली, आणि वाफसा पाहून पेरायच्या थोडेच आधी चोळावी.

चालले की नाही हे पाहायला रायझोबियमच्या बाबतीत प्रयोगशाळाही लागत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास चार झाडे कुदळीने मातीसकट अलगद काढायची, ओढायची नाहीत, नाहीतर गाठी जमिनीतच राहतात. मुळे धुवायची, सोटमुळाजवळच्या मोठ्या गाठी नखाने चिरायच्या. आत लाल-गुलाबी असेल तर काम चालू आहे; पांढरी असेल तर गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा नुसता भाडेकरू बसला आहे; हिरवट असेल तर तिचे काम संपले. बाकीच्या जिवाणूंना अशी खूण नाही. त्यांच्यासाठी रानाच्या मधोमध, बांधाकडेला नव्हे, चार ओळींची एक पट्टी संवर्धक न लावता सोडायची, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या आणि काढणीच्या दिवशी त्या पट्टीचे धान्य वेगळे मळून शेजारच्या चार ओळींशी वजनाने ताडून पाहायचे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की पट्टी सोडली आहे.